एका भाताच्या रोपात तीन बदल: क्रिस्परनं जीन स्टॅकिंग, पायरीपायरीनं

क्रिस्परनं, म्हणजे डीएनए ठरलेल्या जागी कापणाऱ्या तंत्रानं, भाताच्या एका जनुकात काप घेणं आता एमएस्सीच्या प्रकल्पातही जमून जातं. अडतं ते त्याच्या पुढे. एकाच रोपात दोन-तीन बदल आणायचे (यालाच स्टॅकिंग म्हणतात), ते सगळे पुढच्या पिढीत टिकवायचे, कापणारी यंत्रणा रोपातून बाहेर काढायची आणि मूळ वाणाचा दाणा, उंची, पक्वतेचा काळ यांना धक्का लागू द्यायचा नाही. वर्षं जातात ती इथे. पीसीआर हातानं केलेला आहे, टिश्यू कल्चरची खोली आतून पाहिलेली आहे, पण तीन जनुकांचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय, अशांसाठी हा लेख.

उदाहरण घेतो भातावरच्या कडा करप्याचं. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात आणि कोकणात वारा-पाऊस झाला की पानाच्या टोकापासून कडेकडेनं पिवळसर, मग पांढुरकी नागमोडी पट्टी खाली उतरत जाते, तो हा जिवाणूजन्य रोग. फवारणीनं तो नीट आटोक्यात येत नाही, म्हणून भिस्त प्रतिकारक वाणावरच. शिवाय हा रोग रेणूंच्या पातळीवर इतका नीट उलगडलेला आहे की स्टॅकिंग शिकायला याहून चांगलं उदाहरण भातात मला दिसत नाही.

रोग कुठे अडवायचा

झान्थोमोनास ओरायझी हा जिवाणू पानात शिरला की पेशींमध्ये टॅल नावाची प्रथिनं सोडतो. ही प्रथिनं भाताच्या डीएनएवरची ठरावीक अक्षरओळ ओळखून तिथे बसतात आणि शेजारचं जनुक चालू करतात. चालू होणारी जनुकं असतात स्वीट कुळातली, म्हणजे साखर पेशीबाहेर सोडणारी. साखर बाहेर आली की जिवाणूचं पोट भरलं. वेगवेगळ्या भागांतले जिवाणू वेगवेगळं स्वीट जनुक पकडतात: कोणी आठव्या गुणसूत्रावरचं स्वीट११, कोणी बाराव्यावरचं स्वीट१३, कोणी अकराव्यावरचं स्वीट१४.

मग स्वीट११ सरळ बंदच का करू नये? कारण दाणा भरायलाही तेच लागतं. जनुकच मोडलं तर रोग टळेल, पण लोंबीत पोचट दाणे भरतील. म्हणून जनुकाला हात न लावता त्याच्या पुढचा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा भाग, आणि त्यातही टॅल प्रथिन बसतं तेवढीच जागा बदलायची. निसर्गानं हे आधीच करून ठेवलंय. एक्सए१३ म्हणून जे प्रतिकारक जनुक पैदासकार वर्षानुवर्षं वापरतात, ते म्हणजे स्वीट११चाच प्रमोटर बदललेला अवतार. २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटानं तिन्ही स्वीट प्रमोटरमधल्या अशा जागा क्रिस्परनं बदलून आयआर६४ आणि सिहेरांग-सब१ या लागवडीतल्या वाणांत रुंद पल्ल्याचा प्रतिकार दाखवला. आपला आराखडा त्याच वाटेनं जाणारा आहे.

स्टॅकिंगची कोणती वाट तुमची

जुनी वाट संकराची. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं आणि सीसीएमबीनं सांबा मसुरीत एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ ही तीन जनुकं मार्करच्या मदतीनं आणली आणि २००८ साली सुधारित सांबा मसुरी प्रसारित झाली. काम उत्तम, पण पिढ्यामागून पिढ्या बॅकक्रॉस, म्हणजे मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, करावे लागतात आणि हव्या जनुकाला चिकटून नको असलेला तुकडाही येतो.

दुसरी वाट एकाच वेळी अनेक ठिकाणी काप घेण्याची. स्वीट प्रमोटरसाठी ही योग्य, कारण तिथे बाहेरून काही आणायचं नाही. लहानसा तुकडा गेला की काम झालं.

तिसरी वाट अचूक अक्षरबदलाची. एक्सए५चं उदाहरण घ्या. तिथे प्रथिनातलं ३९ वं अमिनो आम्ल व्हॅलीनऐवजी ग्लुटामिक आम्ल असलं की प्रतिकार येतो. आंधळा काप इथे कामाचा नाही, प्राइम एडिटिंग, म्हणजे हवी ती अक्षरं जागच्या जागी लिहिणारं तंत्र, लागतं. एकाच अक्षराची अदलाबदल हवी असेल, सी जागी टी किंवा ए जागी जी, तर बेस एडिटर पुरतो.

चौथी वाट अख्खी जनुकं एका ठरलेल्या जागी शेजारी-शेजारी बसवण्याची. मग ती सगळी एकत्रच वारशानं जातात, पुढच्या पिढीत विखुरत नाहीत. २०२० मध्ये भातात कॅरोटिन तयार करणारा ५.२ हजार अक्षरांचा संच असा ठरवलेल्या सुरक्षित जागी बसवून दाखवला गेला. एक्सए२१ हे मुळात ओरायझा लाँगिस्टॅमिनाटा या रानटी भातातलं अख्खं जनुक. ते संपादनानं आणायचं तर हीच वाट. पण भातात मोठा तुकडा अचूक बसण्याचं प्रमाण अजून कमी आहे आणि कायद्याची वागणूकही वेगळी मिळते. पहिल्याच प्रकल्पात या वाटेला जाऊ नका.

वाट कोणतीही धरा, कापसानं शिकवलेलं एक विसरू नका. बीटी कापसात आधी अळीला मारणारं एक क्राय जनुक होतं. २००६ पासून क्राय१एसी आणि क्राय२एबी ही जोडी आली. गुलाबी बोंडअळी पहिलं पचवू लागली तेव्हा प्रत्यक्षात सगळा भार दुसऱ्या एकट्यावर पडला, आणि तेही गेलं. विदर्भातल्या कापूस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. दोन जनुकांचा थर तेव्हाच दुहेरी संरक्षण देतो, जेव्हा त्यातलं प्रत्येक जनुक एकट्यानं त्या किडीला किंवा रोगाला रोखू शकतं. म्हणून तिन्ही बदल करण्याआधी आपल्या भागातले जिवाणू कोणकोणतं स्वीट जनुक पकडतात ते वनस्पती रोगशास्त्राच्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या.

पायरी १: आपल्याच वाणाचा डीएनए वाचा

संगणकावरून उतरवलेला भाताचा जीनोम बहुधा निप्पॉनबारेचा असतो, म्हणजे जपोनिका. आपण काम करतो ते इंडिका वाणावर. प्रमोटरमध्ये या दोघांत फरक असतात. स्वीट१३मध्ये तर टॅल बसायच्या जागेतच फरक सापडतो. एका अक्षराच्या फरकानं गाइड, म्हणजे काप कुठे घ्यायचा ते दाखवणारा आरएनएचा तुकडा, निकामी होतो. तेव्हा आपल्या बियाण्यातून रोपं उगवून, तिन्ही प्रमोटर पीसीआरनं वाढवून, दोन्ही बाजूंनी सँगर सिक्वेन्सिंग करून घ्या. बियाणं पैदासकाराकडचं असावं. बाजारातल्या पिशवीत भेसळ निघाली तर पुढची सगळी तुलना वाया जाते.

पायरी २: गाइड निवडा

नेहमीचं कापणारं प्रथिन कॅस९ वीस अक्षरांचा गाइड वाचतो, त्याला लागून एन-जी-जी ही पॅम खूण लागते, आणि काप पॅमच्या तीन अक्षरं आधी पडतो. तो काप टॅल बसायच्या जागेच्या आत पडला पाहिजे. प्रमोटरमध्ये ए आणि टी जास्त, त्यामुळे एन-जी-जी हवी तिथे सापडत नाही. अशा वेळी टीटीटी खुणेवर चालणारा कॅस१२ए घ्या. तो तुकडेही मोठे काढतो, आणि इथे ते सोयीचंच आहे.

सोयीचं का? काही टॅल प्रथिनं एका अक्षराची तूट चालवून घेतात. कॅस९ वारंवार एकच अक्षर घालतो किंवा काढतो, आणि कागदावर संपादित दिसणारं रोप रोगाला बळी पडतं. माझा आग्रह असतो की किमान चार-पाच अक्षरं गेलेली रोपांची ओळच पुढे न्यावी. पण फार मोठा तुकडाही नको. टॅलची जागा बऱ्याचदा टाटा बॉक्सला खेटून असते; तो गेला तर जनुकाचं रोजचं कामच मंदावतं.

क्रिस्पर-पी किंवा क्रिस्पॉरवर गाइड तपासताना पॅमजवळच्या दहा-बारा अक्षरांत दुसरीकडे तंतोतंत जुळणी आहे का ते पाहा. असेल तर तो गाइड सोडा. प्रत्येक जागेसाठी दोन-तीन उमेदवार काढून भाताच्या कोवळ्या रोपांतून प्रोटोप्लास्ट (भिंत काढलेल्या पेशी) काढा, पीईजीनं डीएनए आत सोडा आणि दोन दिवसांनी कोण कापतो ते पाहा. तीन गाइडपैकी एक जरी लुळा निघाला तर टिश्यू कल्चरचे सगळे महिने त्याच्यापायी जातात, म्हणून ही चाचणी टाळू नये.

पायरी ३: संच बांधा

तिन्ही गाइड एकाच टी-डीएनएत, म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू रोपाच्या पेशीत सोडतो त्या डीएनएच्या तुकड्यात, हवेत. टीआरएनएच्या तुकड्यांमध्ये गाइड ओवले की पेशीतलीच कात्री ते सुटे करते. एकाच यू३ प्रमोटरवर सगळी माळ चालते. जोडणी बीएसए-१ वापरून गोल्डन गेटनं करा. धोका एवढाच की तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा आले की ई. कोलायमध्ये ते आपसात जुळून मधला गाइड गळतो. म्हणून प्लाझ्मिड ई. कोलायमधून काढल्यावर एकदा आणि अ‍ॅग्रोबॅक्टेरियममध्ये गेल्यावर पुन्हा एकदा तपासा. निवडीसाठी हायग्रोमायसिनचं जनुक ठेवा.

पायरी ४: कॅलस ते रोप

इंडिका वाणांचं कॅलस (माध्यमावर वाढणारा पेशींचा गोळा) लहरी असतं, हे आधीच मान्य करून चला. पक्व दाणे सोलून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये वीस-तीस मिनिटं, आणि निर्जंतुक पाण्यानं चार-पाच वेळा धुऊन २,४-डी (लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम) असलेल्या माध्यमावर अंधारात २८ अंशांना ठेवा. इंडिकाला साखरेऐवजी माल्टोज बऱ्याचदा मानवतं. दोन-तीन आठवड्यांनी पिवळसर, कोरडे, दाणेदार गोळे वेचा. पाणचट आणि तपकिरी असतील ते टाका, जीव अडकवू नका.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा ईएचए१०५ हा स्ट्रेन भातात चांगला चालतो. सोबत १०० ते २०० मायक्रोमोलर अ‍ॅसिटोसिरिंगोन, तीन दिवस २५ अंशांना अंधारात सहवास, मग सेफोटॅक्झिमनं धुणं, आणि ३० ते ५० मिलिग्रॅम हायग्रोमायसिनवर निवड. नेमका आकडा आपल्या वाणाचं साधं कॅलस किती मात्रेला मरतं ते पाहून ठरवा. कॅलस कल्चरमध्ये जितकं जास्त रेंगाळेल तितके अनाहूत बदल वाढतात. उंची कमी, लोंबी वांझ अशी रोपं मग क्रिस्परच्या नावावर खपतात. पुढे फुटवा, अर्ध्या ताकदीच्या एमएस माध्यमावर मुळं, आणि कुंडीत नेताना पहिला आठवडा दमट झाकण.

पायरी ५: टी० रोप वाचणं

टी० म्हणजे कल्चरमधून आलेलं पहिलं रोप; त्याच्या बियांची पिढी टी१, तिच्या पुढची टी२. टी०च्या पानातून सीटॅब पद्धतीनं डीएनए काढा आणि तिन्ही जागांसाठी ४०० ते ७०० अक्षरांचा पीसीआर करा. काप प्रायमरपासून निदान दीडशे अक्षरं आत असावा, नाहीतर सिक्वेन्सिंगची सुरुवातीची गढूळ ओळ नेमकी त्याच्यावर येते. मग क्रोमॅटोग्रामकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कापापर्यंत एकेरी स्वच्छ शिखरं, आणि तिथून पुढे जोडशिखरं सुरू झाली की दोन गुणसूत्रांवर दोन वेगळ्या ओळी आहेत. त्यातली एक मूळची असेल तर रोप हेटेरोझायगस, दोन्ही बदललेल्या असतील तर बायअ‍ॅलेलिक. जोडशिखरं अजिबात नाहीत आणि ओळ मात्र मूळपेक्षा वेगळी, तर होमोझायगस. तीन-चार ओळी मिसळलेल्या वाटल्या तर रोप काइमेरा आहे. त्याच्या एका फुटव्यात जे दिसलं ते दुसऱ्यात असेलच असं नाही. जोडशिखरं सोडवायला टाइड किंवा आइस ही साधनं आहेत, पण शंका आली तर त्या जागेचं खोल अ‍ॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग करून घ्या.

पायरी ६: किती रोपं लावायची

स्टॅकिंगची खरी मेख इथे आहे आणि सगळ्यात जास्त ढिसाळपणाही इथेच होतो. तिन्ही स्वीट जनुकं तीन वेगळ्या गुणसूत्रांवर आहेत, त्यामुळे वाटणी स्वतंत्र होते आणि हिशोब सोपा राहतो. कॅस९ची एकच प्रत बसली असेल तर टी१ मधली पाव रोपं तिच्यापासून मुक्त निघतात.

तुमचं टी० रोप तिन्ही ठिकाणी होमोझायगस असेल तर कॅस९मुक्त रोप मिळण्याची शक्यता चारात एक. असं निदान एक रोप हाती लागण्याची ९५ टक्के खात्री हवी, तर ११ रोपं पुरतात. पण तेच टी० तिन्ही ठिकाणी हेटेरोझायगस असेल तर? प्रत्येक जागी पाव, तीन जागांचे चौसष्टात एक, त्यात कॅस९मुक्तीचा पाव भाग, म्हणजे २५६ मध्ये एक. तेवढीच खात्री हवी तर ७६६ रोपं तपासावी लागतील. एवढा डीएनए काढायचं बळ आणि पैसा फारच थोड्यांकडे असतो.

उपाय पैदासकारांचा जुनाच: एका पिढीत सगळं मागू नका. टी१ मध्ये फक्त एवढंच पाहा की रोप कॅस९मुक्त आहे आणि तिन्ही ठिकाणी बदललेली निदान एक प्रत आहे. ही शक्यता २५६ मध्ये २७, म्हणजे साधारण साडेदहा टक्के. २७ रोपांत काम होतं. असलेल्यांतून शक्य तितकं स्थिर झालेलं रोप निवडा. त्याच्या दोन जागा अजून हेटेरोझायगस असतील तर टी२ मध्ये ४७ रोपं लावा. एकच असेल तर ११. तिन्ही राहिल्या असतील तर १९१. एक हंगाम वाढतो, पण शेकडो पीसीआर वाचतात.

या हिशोबात दोन खड्डे आहेत. बायअ‍ॅलेलिक रोपात एका प्रतीवर आठ अक्षरं गेलेली आणि दुसऱ्यावर एक अक्षर वाढलेलं असेल, तर ‘दोन्ही बदललेल्या’ म्हणून खूश होऊ नका. तुम्हाला आठ अक्षरंवालीच हवी, म्हणजे त्या जागेचा हिशोब पुन्हा हेटेरोझायगससारखाच धरायचा. दुसरा खड्डा म्हणजे कॅस९ असलेलं टी१ रोप. त्यात कापाकापी चालूच असते. पानात दिसलेला बदल बियाण्यात उतरेलच असं नाही. वारशाचा पुरावा फक्त कॅस९मुक्त रोपातला धरा.

आणि कॅस९मुक्त हे एका पीसीआरवरून ठरवू नका. टी-डीएनए तुटून अर्धवट बसलेला असू शकतो. कॅस९ची दोन टोकं, हायग्रोमायसिनचं जनुक, गाइडची माळ आणि प्लाझ्मिडचा कणा, सगळ्यांसाठी वेगळे प्रायमर लावा, सोबत भाताचंच एखादं जनुक लावून डीएनए चांगला असल्याची खात्री करा. शेवटच्या दोन-तीन ओळींचं संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग करून घेतलं तर उरलेला तुकडा आणि चुकीच्या जागचे काप, दोन्ही प्रश्न एकदमच सुटतात.

पायरी ७: कात्रीची परीक्षा

रोग चाचणीची पद्धत साधी आहे आणि इतक्या वर्षांत तिला कोणी हरवलेलं नाही. जिवाणूचं ताजं द्रावण करा, मिलिलिटरला साधारण दहा कोटी ते शंभर कोटी पेशी. कात्री त्यात बुडवा, पूर्ण उघडलेल्या पानाचं टोक दोन-तीन सेंटिमीटर कापा, पुन्हा बुडवा, पुढचं पान. प्रत्येक ओळीची अनेक पानं घ्या, सोबत मूळ वाण आणि एखादा ओळखीचा प्रतिकारक वाण ठेवा, काही पानं नुसत्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीनं कापा. चौदा दिवसांनी कापलेल्या टोकापासून खाली किती लांब पट्टी उतरली ते फूटपट्टीनं मोजा. मूळ वाणात पट्टी हातभर पानाचा मोठा भाग व्यापते. चांगल्या संपादित ओळीत ती कापाजवळच थबकते.

एकच स्ट्रेन वापरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. पीएक्सओ९९ हा स्वीट११ पकडतो, पीएक्सओ८६ स्वीट१४. तिन्ही बदल स्वतंत्रपणे काम करतात हे दाखवायचं तर प्रत्येकासाठी त्याचा जोडीदार जिवाणू हवा, शिवाय स्थानिक नमुने हवेत. बाहेरचे स्ट्रेन बंदिस्त हरितगृहातच हाताळायचे.

त्याच ओळींचं भरलेल्या दाण्यांचं प्रमाण, हजार दाण्यांचं वजन, उंची आणि फुलोऱ्याचे दिवस मूळ वाणाशेजारी लावून मोजा. पळींज वाढली असेल तर स्वीट११च्या प्रमोटरकडे पहिली नजर टाका. गडबड तिथली नसेल तर कल्चरमधली असेल; मूळ वाणाशी एक बॅकक्रॉस करून ती बहुधा धुऊन निघते.

पायरी ८: कागदपत्रं

३० मार्च २०२२ च्या ज्ञापनानं केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या (एसडीएन म्हणजे ठरलेल्या जागी कापणारी प्रथिनं), बाहेरचा डीएनए नसलेल्या वनस्पतींना १९८९ च्या नियमांतल्या जीएम पिकांसाठीच्या कलमांतून सूट दिली. आपले प्रमोटरमधले काप एसडीएन-१ मध्ये येतात. लहान अक्षरबदल एसडीएन-२ मध्ये. अख्खं परकं जनुक बसवलं तर एसडीएन-३, आणि त्याला जीएम पिकाचीच पूर्ण वाट. मे २०२२ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाची मार्गदर्शक तत्त्वं आली. सूट म्हणजे मोकळं रान नव्हे: रोप बाहेरच्या डीएनएपासून मुक्त असल्याचं सिद्ध होईपर्यंत काम बंदिस्त जागेतच करायचं, आणि पुराव्यांची फाइल संस्थेच्या जैवसुरक्षा समितीसमोर ठेवायची. म्हणून पायरी ६ मधले सगळे जेल, क्रोमॅटोग्राम, रोपांचे क्रमांक पहिल्या दिवसापासून एकाच वहीत, तारखेसह ठेवा. नंतर जमवायला गेलं की एखादी पिढी हमखास गायब असते.

याच वाटेनं भारतात ४ मे २०२५ रोजी भाताचे पहिले दोन संपादित वाण जाहीर झाले: सांबा मसुरीतून डीआरआर धान १०० म्हणजे कमला, आणि एमटीयू१०१० मधून पुसा डीएसटी राइस १. दोन्हींत एकेकच जनुक बदललेलं आहे. उत्पादनवाढीच्या दाव्यांवर लगेच वादही झाला, तेव्हा चाचण्यांचे आकडे केंद्र आणि हंगामनिहाय मांडून ठेवलेले बरे.

शेवटी पेटंट. प्रयोगशाळेत क्रिस्पर वापरणं आणि त्यातून निघालेलं बियाणं विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाण प्रसारित करायचा विचार असेल तर कॅस प्रथिनाच्या परवान्याची चौकशी गाइड मागवण्याआधीच संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाकडे करा; कॅस९ आणि कॅस१२ए यांच्या अटी सारख्या नसतात, आणि टी२ हाती आल्यावर प्रथिन बदलता येत नाही.